डायरेक्ट केलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी सव्वानऊ वाजता कौतिक मिस्त्रीला स्वतःची एक चूक आठवली, आणि ती कोणती हे बायकोला सांगायलाही त्याची जीभ उचलेना.

तसं पाहिलं तर सकाळ छान चालली होती. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातलं त्याचं गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्याने सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली होती. पाने, पक्कड, पेचकस, हातोडी. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं फूल. दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा बापापासूनचा दंडक. वर्षातून या एवढ्या दिवशी कौतिकचे हात रिकामे असत आणि नखं स्वच्छ. जळगावच्या बसने आलेलं एक पार्सल सकाळीच हातात पडलं होतं. त्यातून एक स्विच निघाला, काळ्या प्लास्टिकचा, अंगठ्याच्या नखाएवढा. "चला, सरांचं काम आलं," असं म्हणून त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला. तोवर त्याला काहीच वाटलं नव्हतं.

मग त्याची बायको भागाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. दारातल्या त्यांच्या मोटरसायकलला तिने हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढच्या मडगार्डवर स्वस्तिक काढायला गाडीच्या पुढ्यात खाली बसली. "अहो, चालू करा ना. नुसते उभे काय राह्यले?" ती म्हणाली.

कौतिकचं बोट बटणाकडे गेलं आणि अर्ध्यात थांबलं. बायको चाकापासून वीतभरावर बसली होती, मान खाली, सगळं लक्ष कुंकवाच्या बोटाकडे. असंच कुणीतरी आत्ता असीरगडला सरांच्या दारात बसणार होतं. आणि तिथली गाडी त्याने स्वतःच्या हाताने डायरेक्ट करून दिलेली होती.

डायरेक्ट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण गॅरेजात हा शब्द चहा सांगावा इतक्या सहज वापरतात. क्लचच्या दांडीखाली एक बारका स्विच असतो. गाडी गिअरमध्ये असेल, तर क्लच दाबल्याशिवाय तो सेल्फला करंट जाऊ देत नाही. म्हणजे बटण दाबलं तरी गाडी गप्प राहते. हा स्विच बिघडला की क्लच दाबूनही सेल्फ लागत नाही आणि गिऱ्हाईक वैतागून दारात येतं. नवा स्विच मिळाला तर बदलायला दहा मिनिटं पुरतात. नाही मिळाला तर मिस्त्री त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो, आणि सेल्फ मुकाट्याने चालायला लागतो. गिऱ्हाईक खूश होतं. फक्त आता गाडीला अडवणारं कुणी उरत नाही. गिअरमध्ये असताना बटण दाबलं, की ती उभ्या जागेवरून उडी मारते.

दिगंबर सरांची गाडी पंधरा वर्षांची. उजवा गुडघा गेल्यापासून त्यांना किक मारवत नव्हती, मेन स्टँड ओढवत नव्हता. सेल्फवरच सगळी भिस्त होती. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ते गाडी टेम्पोत घालून गॅरेजात आले, तेव्हा सणाची गर्दी होती आणि कौतिकसमोर सहा गाड्या उघड्या पडल्या होत्या. त्या मॉडेलचा स्विच अख्ख्या बुऱ्हाणपुरात नव्हता. कौतिकने तारा पिळल्या, टेप मारली. "झालं सर. स्विच आला की बदलून देईन."

"म्हणजे केलंस काय तू नेमकं?" सरांनी विचारलं होतं.

हे दिगंबर सर म्हणजे मराठी शाळेतले गणिताचे मास्तर. कौतिकलाही सातवीत त्यांनीच शिकवलेलं. नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य देणार, पायऱ्या लिहा म्हणणार. त्यांना एक गोष्ट सांगायची म्हणजे त्यातून पाच प्रश्न निघणार, आणि मागे सहा गाड्या खोळंबलेल्या. "तुम्ही बिनधास्त चालवा सर," एवढं बोलून कौतिक दुसऱ्या गाडीकडे वळला. बटण दाबण्याआधी न्यूट्रल बघा, हे एक वाक्य त्याने वाचवलं.

आणि आता ते वाक्य त्याच्या छातीवर बसलं होतं. कारण सरांचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावर आहे, हे त्याला माहीत होतं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवू नका, पहिल्या गिअरमध्ये टाकून साइड स्टँडला लावा, हा सल्ला चार वर्षांपूर्वी सरांना त्यानेच दिला होता. सर सांगितलेलं पाळणारे होते. न्यूट्रलचा हिरवा दिवा कधीचाच गेला होता. आणि सरांच्या घरची दसऱ्याची पूजा त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतः पाहिली होती. गाडीचं तोंड ओट्याकडे. ओटा आणि चाक यांच्यामध्ये पाट टाकून त्यांच्या पत्नी रजनीकाकू बसतात. सर गाडीशेजारी उभे राहतात, डाव्या हातात घंटा आणि उजव्या हाताचा अंगठा बटणावर. आरतीला गाडीनेही आवाज द्यायचा, ही त्यांच्या घरची पद्धत. क्लच दाबायला हात उरतोच कुठे? दरवर्षी गाडी गिअरमध्ये असली तर आधी गप्प बसायची. सर हसायचे, घंटा काकूंच्या हातात देऊन गिअर काढायचे आणि मग चालू करायचे. त्या गप्प बसण्यावरच इतकी वर्षं निभावलं होतं.

यंदा ती गप्प बसणार नव्हती. आणि पूजा बरोबर दहाला, कारण सरांचं सगळंच बरोबर दहाला असतं.

कौतिकने फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. पूजेच्या वेळी सर मोबाइल आतल्या कपाटात ठेवतात हेही त्याला आठवलं. काकूंचा नंबर त्याच्याकडे नव्हता. असीरगडात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

तो आत धावला आणि मांडलेल्या पूजेतून पक्कड आणि पेचकस उचलला. झेंडूची फुलं खाली पडली.

"अहो! आरती व्हायची आहे अजून!" भागाबाई ताट घेऊन दारात उभी राहिली. "मांडलेलं हत्यार उचलतं का कोणी? तुमच्या बाबांनी कधी उचललं होतं?"

"भागा, सरक."

"काय झालं ते तं सांगा!"

मिस्त्री वीस वर्षांच्या संसारात बायकोसमोर कधी चुकला नव्हता. निदान तसं त्याने कबूल केलं नव्हतं. आता त्याचा चेहरा असा झाला होता, की भागाबाईने ताट खाली ठेवलं. "सरांची गाडी मी डायरेक्ट करून दिली," तो म्हणाला. "सांगितलं नाही त्यांना. काकू चाकासमोर बसतात."

गॅरेजवाल्याची बायको होती ती, तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. तिने गाडीचा हार ओरबाडून काढला, चाकाखालचं लिंबू पायाने बाजूला केलं आणि म्हणाली, "फोन करत राहा. वाटेत थांबून थांबून करा. जा."

असीरगड काही लांब नाही, वीस-बावीस किलोमीटर. पण दसऱ्याच्या सकाळी इतवाऱ्यातून बाहेर पडणं म्हणजे कसरत. झेंडूचे ढीग रस्त्यावर आलेले, ऊस आणि आपट्याच्या फांद्या लादलेल्या हातगाड्या आडव्या, प्रत्येक दुकानापुढे ट्रक नाहीतर टेम्पो हार घालून उभा आणि त्याच्या पुढ्यात कुणी ना कुणी खाली बसलेलं. कौतिकला आता बाकी काही दिसतच नव्हतं. जिथे नजर जाईल तिथे चाक, आणि चाकासमोर वाकलेली पाठ. हॉर्न वाजवत, "भैया, साइड दो, साइड दो," करत तो वेशीबाहेर पडला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते.

हायवेला लागल्यावर त्याने गाडी पिळली. दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते आणि वारा तोंडावर येत होता. मनात हिशेब चालू होता. कदाचित सरांनी या आठ दिवसांत गिअरमध्ये असताना कधी बटण दाबलं असेल, गाडीने हिसका दिला असेल, त्यांना कळलं असेल. पण मग त्यांनी फोन केला असता; सर विचारल्याशिवाय राहणारे नव्हेत. नाही. रोज ते गाडीवर बसून क्लच दाबूनच चालू करत असणार, शिकवल्याप्रमाणे, म्हणून हिसका कधी बसलाच नाही. तो आज बसायचा होता. पहिला गिअर, घरासमोरचा उतार, दीडशे किलोची गाडी आणि मागे दगडी ओटा. काकू सडपातळ बाई. त्याला तो आवाज कानात ऐकू यायला लागला आणि त्याने मोठ्याने "नाही, नाही" म्हटलं. बाजूने जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं.

वाटेतल्या निंबोल्याला त्याने गाडी कडेला घेऊन फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. देवा, सरांच्या घड्याळाचा सेल संपू दे. देवा, लाइट जाऊ दे, पाणी येऊ दे, कुणी पाव्हणा येऊ दे. सहाव्यांदा लावला. घड्याळात दहा वाजले होते. आणि सातव्यांदा पलीकडून आवाज आला.

"हॅलो? कोण?"

रजनीकाकू होत्या. मागे घंटा वाजत होती.

आता ऐका, कारण पुढची पाच-सहा सेकंदं कौतिकला जन्मभर पुरणार होती. त्याला फक्त तीन शब्द बोलायचे होते. सेल्फ दाबू नका. एवढं म्हटलं की झालं. पण ते म्हटलं की काकू विचारणार, का रे? आणि मग सांगावं लागणार. सर सगळ्या गावाला सांगायचे, गाडी कौतिककडे न्या, माझा विद्यार्थी आहे, तो चुकत नाही. त्या काकूंना कसं सांगायचं, की तुम्ही ज्या चाकासमोर बसता, त्याला अडवणारं मीच काढून टाकलंय? शब्द ओठापर्यंत आले आणि लाजेने माघारी फिरले.

"काकू, मी कौतिक," तो म्हणाला. "जरा... सरांना द्या ना."

"अरे, तू होय! केव्हापासून वाजतोय फोन. हे म्हणाले, उठ, बघ एकदा कोण आहे ते. थांब हं, देते. अहो..."

आणि त्याच वेळी पलीकडे तो आवाज झाला. आधी घर्र, मग धाडकन काहीतरी आदळलं, ताट वाजत घरंगळलं, कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद पडला.

कौतिक रस्त्याच्या कडेला उभाच राहिला. त्याने परत लावला, बंद. मग गाडीवर कसा बसला, घाट कसा चढला, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. काकू फोन घेऊन अंगणात आल्या असतील. "अहो" म्हणत सरांकडे गेल्या असतील, म्हणजे गाडीपुढूनच. नाहीतर सरच फोन घ्यायला पुढे झाले असतील आणि अंगठा बटणावर पडला असेल. दोन्हींतलं काहीही असलं, तरी मारणारा तोच होता. एका वळणावर मागे फिरावं असंही त्याच्या मनात आलं. सरळ घरी जावं, अंगावर पांघरूण घेऊन पडावं आणि बातमी यायची तेव्हा येऊ द्यावी. हा विचार आपल्याला आला, याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

किल्ल्याखालच्या वस्तीत शिरून तो सरांच्या घरापाशी थांबला. अंगणात पाच-सात माणसं जमली होती. गाडी ओट्याला टेकून तिरपी पडली होती, हार चाकात गुंतलेला, हेडलाइट फुटलेला. चाकाखाली पाट होता. शिसवी पाट, मधोमध चिरून त्याचे दोन तुकडे झालेले. तांदूळ, कुंकू, काचा, सगळं फरशीभर पसरलं होतं. त्या कुंकवात कौतिक रक्त शोधत राहिला.

"आला का कौतिक!" ओट्यावरून आवाज आला.

रजनीकाकू उभ्या होत्या. अख्ख्या, धडधाकट, डोक्यावर पदर नीट घेतलेला. त्या पायऱ्या उतरून आल्या आणि त्याचे दोन्ही हात धरून रडायला लागल्या. "तुझा फोन आला म्हणून उठले रे मी. नाहीतर पाटावरच बसलेले होते. यांना म्हटलं होतं, वाजू द्या, आरती होऊ द्या. पण वाजतच राहिला. आत गेले, उंबऱ्यात परत आले आणि माझ्या डोळ्यांसमोर ही गाडी पाटावर... देवानेच तुझ्या हातात फोन दिला बाबा." जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, कुणी म्हणालं, "भगवान बनके आया तू."

कौतिकने ती पानं ओट्यावर ठेवून दिली.

दिगंबर सर ओट्याच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. कोपर खरचटलं होतं, त्यावर हळद लावलेली. त्यांनी वर पाहिलं नाही. "मी म्हातारा झालो कौतिक," ते हळूच म्हणाले. "गिअर काढायचा विसरलो. इतकी वर्षं करतोय, कधी असं झालं नाही. आज माझ्या हातून ही गेली असती." अंगठा त्यांनी दुसऱ्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता. "चेतनला पुण्याला फोन करतो आता. तो म्हणतच होता, बाबा, गाडी बंद करा, तुमच्या लक्षात राहत नाही. त्याचं बरोबर होतं. ही गाडी घेऊन जा तू. कुणाला द्यायची त्याला दे."

तिथेच गप्प बसता आलं असतं. टेप काढायची, स्विच बसवायचा, कुणाला कळलं नसतं. उलट तोच तारणारा ठरला होता. पण सर मुठीतला अंगठा सोडत नव्हते. या माणसाने वर्गात कधी फळ्यावर चूक केली तर मुलांसमोर कान पकडलेला कौतिकने पाहिला होता. आता तो दुसऱ्याची चूक स्वतःची म्हणून म्हातारपणाच्या खात्यात टाकत होता, आणि काकू सरांकडे जरा भीतीनेच बघत होत्या.

कौतिकने खिशातून स्विच काढला आणि सरांच्या पुढ्यात धरला.

"सर, तुमी नाही विसरले. गाडी गिअरमध्येच ठेवायची, हे मीच सांगितलं होतं तुमाले. दरसाली बटण दाबलं की ती गप्प बसायची ना? ती या स्विचमुळं. हा बिघडला होता. मी त्याच्या तारा जोडून डायरेक्ट करून दिली." त्याने क्लचच्या दांडीखालच्या टेपकडे बोट दाखवलं. "न्यूट्रल बघून दाबा, एवढं सांगायचं होतं. गर्दी होती, नाही सांगितलं. आणि आत्ता फोनवर काकू बोलल्या, तवाबी नाही सांगितलं. लाज वाटली मले."

काकू एक पाऊल मागे सरकल्या. ज्याने पानं दिली होती, तो दुसरीकडे बघायला लागला.

सरांनी स्विच हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला. मग कौतिकच्या खिशातून डोकावणाऱ्या पकडीकडे पाहिलं. तिच्या मुठीवर हळदीकुंकू तसंच होतं. पूजेतून हत्यार उचलून आलाय, हे त्यांना समजलं असावं.

"बसव," ते म्हणाले. "मला दाखवत बसव. एकेक पायरी."

गाडी सरळ करून कौतिक खाली बसला. क्लचच्या दांडीखालची काळी टेप सोलली, पिळलेल्या तारा सोडवल्या. जुना स्विच काढून नवा त्या जागी सरकवला, तारा त्याला जोडल्या, बारका स्क्रू आवळला. दांडी दाबली की आतून टिक असा आवाज यायचा, तो त्याने सरांना दोनदा ऐकवला. बोटांचं कुंकू तारांना लागलं. मग त्याने सगळ्यांना बाजूला केलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सरांना म्हणाला, "क्लच न दाबता बटण दाबा, सर."

सरांनी मूठ उघडली. अंगठा बटणापर्यंत गेला.

काहीच झालं नाही. गाडी गप्प राहिली.

सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा दाबून त्यांनी डोळे मिटले. रजनीकाकू पायरीवर बसल्या.

"कौतिक," सर डोळे न उघडताच म्हणाले. त्यांचा प्रश्न येणार, हे त्याला सातवीपासून ठाऊक होतं. "अशा अजून किती गाड्या आहेत?"

कौतिकने तोंड उघडलं. इतवाऱ्यातल्या दोन. शिकारपुऱ्यातल्या त्या मुलीची, काय नाव, तेजस्विनी. शंकर दूधवाल्याची. देडतलाईच्या निलेशची, ती तर परवाच. पेपर मिलच्या वसाहतीतली एक. आठवतील तसे चेहरे येत गेले, आणि प्रत्येक चेहऱ्यासमोर आज हार घातलेली गाडी होती आणि गाडीसमोर कुणीतरी बसलेलं होतं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. बुऱ्हाणपुरात पूजा दुपारपर्यंत चालतात.

त्याने फोन काढला. बोटं कुंकवाने माखली होती, म्हणून निलेशचा नंबर सरांनीच लावून दिला.

"कौन, कौतिकभाऊ?" पलीकडून निलेशचा आवाज आला. मागे आरती चालू होती. "दसऱ्याच्या..."

"सेल्फ दाबू नको," कौतिक म्हणाला.